रेघ कुठे सोडायची

पुन्हाताईने त्या सकाळी दार ओढून घेतलं, लॅच लागलं की नाही ते दोनदा ढकलून पाहिलं, एक मजला उतरली, परत वर आली आणि तिसऱ्यांदा ढकलायला हात लावला, तोच दार आतून उघडलं. तोंडात ब्रश धरून नवरा उभा होता.

"मी घरातच आहे," तो फेसातून म्हणाला. "चोर आलाच तर मला भेटेल. तू जा."

ती गेली. बसथांब्यापर्यंत पोचेस्तोवर तिला गॅस आठवला, मग गॅसही नवऱ्याच्याच ताब्यात आहे हे आठवलं, आणि तरी चुटपुट काही गेली नाही. ती गॅसचीही नव्हती आणि लॅचचीही नव्हती, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पुन्हाताई हे नाव तिला आईबापांनी दिलेलं नव्हे. रुग्णालयाच्या तळघरात, रेडिएशन विभागात, "पुन्हा एकदा बघू" हे वाक्य ती दिवसातून चाळीसदा म्हणायची, म्हणून तिच्या जोडीला काम करणाऱ्या दुसऱ्या टेक्निशियनने ते पाडलं होतं. त्या जोडीदाराला ती रेडिओ म्हणायची, कारण तो सकाळी सुरू झाला की कुणीतरी गप्प बसवेपर्यंत चालूच. दोन्ही नावं घट्ट चिकटली, त्यामुळे कुणालाच तक्रारीला जागा नव्हती.

एकोणीस वर्षं तिने एकच काम केलं होतं आणि चोख केलं होतं. पेशंटला टेबलावर झोपवायचं, अंगावरच्या खुणा लेझरच्या रेषेला जुळवायच्या, ते अवजड दार लावायचं आणि बाहेर येऊन बटण दाबायचं. किरणं कुठे जाणार आणि कुठे जाता कामा नयेत, ते डॉक्टरांनी आधीच ठरवलेलं असायचं. पहिल्या दिवशीच्या स्कॅनवर डॉक्टरबाई रेघा काढायच्या, ही गाठ, हे आतडं, ही लघवीची पिशवी, आणि त्या रेघांवर पुढचे पाच आठवडे चालायचं. शरीर मात्र पाच आठवडे एका जागी थांबत नाही. माणूस वाळतो, गाठ आक्रसते, आतडं आज इकडे तर उद्या तिकडे. मागच्या महिन्यातल्या फोटोवरून आजच्या माणसाला कपडे शिवायचा तो प्रकार होता.

तीन वर्षांपूर्वी घशाच्या आजाराचा एक माणूस यायचा. तो इतका वाळला की चेहऱ्यावर बसवायचा साच्याचा मुखवटा त्याच्या गालांवर हलायला लागला. पुन्हाताईला ते पहिल्या दिवशी दिसलं. तिने चिठ्ठी लिहिली, चिठ्ठी वर गेली, डॉक्टर गडबडीत होत्या, चार दिवस गेले. त्या चार दिवसांची किरणं थोडी भलत्या जागी गेली असणार. तिने सांगितलं होतं, पण फार हळू सांगितलं होतं, आणि ते तिला अजूनही टोचायचं.

मग नवीन मशीन आलं. ते रोज टेबलावरच फोटो काढतं, संगणक त्या फोटोवर स्वतःच रेघा ओढतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत त्या दिवसाच्या शरीरासाठी त्या दिवसाचा प्लॅन तयार होतो. फक्त संगणकाच्या रेघा कुणीतरी जाणत्याने तपासाव्या लागतात, चुकल्या तिथे दुरुस्त कराव्या लागतात आणि शेवटी "मंजूर"च्या चौकटीत स्वतःचं नाव घालावं लागतं. सुरुवातीला ते डॉक्टरच करायच्या. पण डॉक्टर एक, ओपीडीत रांग, आणि पेशंट खाली टेबलावर फुगलेलं पोट घेऊन ताटकळत पडलेला. अशाने दिवसाला चारच जणांना ही नवी तऱ्हा मिळायची. म्हणून ठरलं की मशीनपाशी जो उभा असतो त्यानेच रेघा बघाव्यात आणि त्यानेच सही करावी. मग दिवसाला अकरा जण होणार होते. पुन्हाताईने अकरा महिने शिक्षण घेतलं, दोनशे पेशंटांच्या जुन्या फोटोंवर रेघा काढल्या, परीक्षा दिली आणि पास झाली. तीन आठवडे चाचणी होती. दर शुक्रवारच्या बैठकीत प्रत्येक केस वाचून दाखवली जाणार होती. जमलं तर पुढे चालू. नाही जमलं तर डॉक्टर परत खाली येणार, आणि सात जणांना पुन्हा जुन्या फोटोवर भागवावं लागणार.

आज तिची पहिली सही होती.

"ताई, रात्री झोपलात का?" रेडिओने विचारलं.

"झोपले की."

"किती वेळा?"

ती खुर्ची खालीवर करत होती. खुर्ची काल होती तिथेच होती.

पहिल्या पेशंट एक निवृत्त पीटी शिक्षिका होत्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, पंचवीसपैकी आजची सातवी खेप. पाठ ताठ, केस बारीक कापलेले, चालणं असं की मागे मुलींची रांग येतेय असं वाटावं. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, "शाळेत पोरी मला मागून शिट्टीबाई म्हणायच्या. मला ठाऊक होतं. तुम्हीही म्हणा, फक्त तोंडावर म्हणा." तेव्हापासून विभागात त्या शिट्टीबाईच.

"पाणी?" पुन्हाताईने विचारलं.

"आठ वाजून दहा मिनिटांनी लघवी केली, सव्वाआठला तीन ग्लास प्यायले. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही."

पाण्याचं कारण असं, की लघवीची पिशवी बेताची भरलेली असली म्हणजे आतडं वर ढकललेलं राहतं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. रिकामी असेल तर आतडं खाली घसरतं. फार भरली तर गर्भाशयच सरकतं. शिट्टीबाईंइतकं काटेकोर पाणी आजवर विभागात कुणी प्यायलं नसेल.

"आता अजिबात हलायचं नाही हं, बाई," पुन्हाताई टेबलापाशी म्हणाली.

"हे मला सांगतेस?" शिट्टीबाई छताकडे बघत म्हणाल्या. "तीस वर्षं मी हेच दुसऱ्यांना सांगितलंय."

पुन्हाताई बाहेर आली, दार लागलं, फोटो निघाला. संगणकाने भराभर रेघा ओढल्या. तिने मान पुढे काढली आणि कामाला लागली.

आणि खरं सांगायचं तर सुरुवात फार छान झाली. गर्भाशय कालच्यापेक्षा मागे कलंडलेलं होतं, संगणकाने त्याचा वरचा भाग सोडून दिला होता, तो तिने लगेच रेघेत घेतला. आतड्याचा एक वेढा खाली उतरून चिकटून बसला होता, संगणकाला तो दिसलाच नव्हता. तोही तिने आतड्याच्या रेघेत धरला. हेच दोन मुद्दे महत्त्वाचे होते. सहा मिनिटांत दोन्ही झाले. डॉक्टर असत्या तर याच क्षणी "चला" म्हणून उठल्या असत्या.

पण पुन्हाताई उठली नाही. लघवीच्या पिशवीची पुढची कड तिला जरा जाड वाटली. ती तिने आत घेतली. आत घेतल्यावर फार आत गेल्यासारखी वाटली. बाहेर काढली. पुढच्या चकतीवर, म्हणजे फोटोतल्या पोटाच्या पुढच्या आडव्या कापावर, गेली, तर आधीच्या चकतीशी तिचा मेळ बसेना. मागे आली. तोवर आतड्याच्या त्या वेढ्याबद्दल शंका आली, म्हणून तिथे गेली. तो बरोबर होता. तरी तिने तो एकदा पुसून परत काढला, तो पहिल्यासारखाच निघाला. पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता आणि त्याचा तिला पत्ता नव्हता.

"ताई, झालं की," रेडिओ म्हणाला.

"पुन्हा एकदा बघू."

"बारा मिनिटं झालीत."

"हो रे."

तिच्या डोक्यात शुक्रवारची बैठक चालू होती. पडद्यावर तिच्या रेघा लावलेल्या, सगळे बघतायत, आणि कुणीतरी कोपऱ्यातून विचारतंय, ही कड अशी कशी हो? बटण दाबण्यात कधी कुणी कोपऱ्यातून विचारलं नव्हतं. रेघ मात्र काढणाऱ्याची असते. तिने कड अजून थोडी सारखी केली. प्रत्येक चकती सुतासारखी सरळ हवी होती तिला, एकाही रेघेला कुणी बोट लावता कामा नये. रेडिओने दोनदा घसा खाकरला, नंतर त्यानेही सोडून दिलं. कॅमेऱ्यात शिट्टीबाई दगडासारख्या पडून होत्या. अगदी आदर्श पेशंट.

बावीस मिनिटांनी पुन्हाताईने हात काढला. रेघा खरोखरच देखण्या होत्या. संगणकाने नवा प्लॅन मांडला, गणितरावांनी तो तपासला. हे विभागातले भौतिकशास्त्रज्ञ, शेजारच्या खोलीत बसायचे, बोलायचे कमी आणि आकडे फार. त्यांनी काचेतून अंगठा दाखवला. तिने "मंजूर"च्या चौकटीत नाव घातलं.

आता किरणं सोडायच्या आधी एक शेवटचा झटपट फोटो असतो. तयारी चालू असताना आत काही हललं नाही ना, एवढंच बघायला.

फोटो आला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

लघवीची पिशवी टम्म फुगली होती. बावीस मिनिटं रेघांची, वर प्लॅनची, तपासणीची, अशी सगळी मिळून अर्ध्या तासाच्या वर वेळ गेला होता, आणि तीन ग्लास पाणी काही तिची वाट बघत थांबलं नव्हतं. पिशवीने गर्भाशयाला वर ढकललं होतं. त्याचं टोक तिच्या देखण्या रेघेच्या बाहेर गेलं होतं. जी कड तिने एवढी घोटून घोटून काढली, ती कड आता तिथे नव्हतीच. अर्ध्या तासापूर्वीच्या बाईचं तिने अगदी हुबेहूब चित्र काढलं होतं आणि टेबलावर आता दुसरीच बाई होती.

"अरे देवा," रेडिओ म्हणाला, आणि चक्क गप्प झाला.

गणितराव बाहेर आले, वाकून बघितलं. "टोक चार-पाच मिलिमीटर बाहेर आहे. रेघेभोवती मोकळीक ठेवलीये तेवढी. काठावर बसतं." थोडं थांबून ते म्हणाले, "बसतं म्हणजे, कागदावर बसतं."

"आणि खरं?"

"खरं तुम्ही सांगायचं. सही तुमची आहे."

पुन्हाताईने फोन उचलला. बोटं आपोआपच वळली, एकोणीस वर्षांची सवय होती ती. पलीकडे डॉक्टर लगेच बोलल्या. "मी दुसऱ्या इमारतीत आहे. यायला अर्धा तास तरी लागेल. येऊ?"

"या, मॅडम," ती म्हणाली आणि फोन ठेवला, आणि तिला असं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच तिला लाज वाटली.

मग तिने घड्याळ बघितलं. अर्धा तास. अर्ध्या तासात पिशवी आणखी भरणार. डॉक्टर येऊन जे बघतील ते आत्ताचं नसेलच. आणि टेबलावर एक बाई छताकडे डोळे लावून पडलीये, तिला कुणी काही सांगितलेलंसुद्धा नाही. काठावर बसतं म्हणून दाबावं बटण? मग आज त्या टोकाला किरणं पुरी मिळाली की नाही, हे कुणालाच कधी कळणार नाही. कागदावर सगळं ठीक दिसेल. ती उठली, बसली, परत उठली.

"दार उघड," ती रेडिओला म्हणाली.

"मॅडम येतायत ना?"

"येऊ देत. दार उघड तू."

ती आत गेली आणि शिट्टीबाईंच्या डोक्यापाशी उभी राहिली. "बाई, आज किरणं दिलेली नाहीत अजून. मी रेघा काढत बसले, फार वेळ घेतला, तेवढ्यात तुमची पिशवी जास्त भरली. माझी चूक झाली. आपल्याला परत करायचंय."

शिट्टीबाईंच्या तोंडून जो उसासा निघाला तो खोलीभर ऐकू गेला. "म्हणजे उठू मी? बाथरूमला जाऊ?"

"लागलीये तुम्हाला?"

"लागलीये? अगं, पंधरा मिनिटं झाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत माझ्या!"

"मग बोलायचं ना! हात वर करायचा होता, आम्हाला कॅमेऱ्यात दिसतं सगळं."

"तूच म्हणालीस ना, हलायचं नाही म्हणून."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने घोटून घोटून वेळ घालवला, दुसरीने दात आवळून तो सोसला, आणि दोघींनाही वाटत होतं आपण शहाण्यासारखं वागतोय. पुन्हाताईला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, तिने ते बाहीला पुसलं.

"आता ऐका," ती म्हणाली आणि कागदी पेला पुढे केला. "हा पेला दोनदा भरेल एवढीच करायची. मग थांबायचं. पूर्ण रिकामी नको, नाहीतर आतडं खाली येतं."

"मध्येच थांबायचं?"

"जमेल?"

"मुली, मी धावत्या वर्गाला एका शिट्टीत थांबवलंय." शिट्टीबाई पेला घेऊन निघाल्या, पण दाराशी थबकल्या. मागे न बघता म्हणाल्या, "मैदानावर परेड संपेपर्यंत मी कुणालाच सोडत नसे. एकदा एक पोरगी रांगेतच... मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते. आज ती फार आठवली मला." आणि त्या भरभर गेल्या.

पुन्हाताई खुर्चीत परत आली. तिने रेडिओला स्वतःचं घड्याळ काढून दिलं.

"नऊ मिनिटं. नऊ झाली की तू म्हणायचंस, हात वर. मी काहीही म्हटलं तरी ऐकायचं नाही."

"शिव्या दिल्यात तर?"

"तरी नाही."

"हे काम माझ्या आवडीचं आहे," रेडिओ म्हणाला, पण आवाजात नेहमीची मजा नव्हती.

शिट्टीबाई आल्या, झोपल्या, खुणा जुळल्या, दार लागलं. नवा फोटो आला. संगणकाने रेघा ओढल्या. आता गर्भाशय पुन्हा मधोमध, आणि आतड्याचे दोन वेढे खाली आलेले. पुन्हाताईने आधी गाठ बघितली, मग गर्भाशयाचं टोक, मग आतडं. शिकवताना डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं, किरणं जिथून जाणार तिथलं नीट बघ, लांबचं सोड. डोक्याला ते केव्हाच कळलं होतं. हाताला कळायचं बाकी होतं. चार मिनिटं झाली. सहा झाली. टोक ठीक. दोन्ही वेढे धरले. एका वेढ्याची कड गाठीजवळ होती, ती तिने परत बघितली, कारण ती खरंच बघायला हवी होती.

मग तिची नजर पिशवीच्या पुढच्या कडेवर गेली. तिथे रेघेला एक ठसठशीत वाकडा कोपरा होता. किरणांच्या वाटेपासून लांब, पोटाच्या बाजूला, कुणाचं काही बिघडवत नसलेला. पण डोळ्यात खुपणारा. तिचा हात माऊसवर गेला.

"हात वर," रेडिओ म्हणाला.

"एकच कोपरा. अर्धं मिनिट."

"हात वर, ताई."

"अरे, वाकडा आहे तो! बघ ना! शुक्रवारी सगळे..."

"हात वर!" तो इतक्या जोरात ओरडला की काचेपलीकडे गणितरावांनी मान उचलली.

तिने हात उचलले. उचलले ते सरळ मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. तो कोपरा पडद्यावर तसाच होता आणि तिला तो घरातल्या उघड्या राहिलेल्या नळासारखा ऐकू येत होता. प्लॅन तयार होईपर्यंतची तीन मिनिटं तिने कशी काढली ते तिचं तिला माहीत. गणितरावांनी तपासून मान हलवली. सहीपुरता तिने एक हात सोडवला, नाव घातलं, आणि शेवटचा फोटो मागवला.

आत काहीही हललं नव्हतं. टोक रेघेच्या आत, वेढे किरणांच्या वाटेबाहेर, पिशवी होती तेवढीच. तिने बटण दाबलं. दोन-तीन मिनिटांत मशीन फिरून थांबलं. सातवी खेप पार पडली, आठवी उद्यावर गेली.

शिट्टीबाई बाहेर आल्या त्या कपडे ठीकठाक करत. आता पाठ नेहमीइतकी ताठ नव्हती. "एक विचारू?" त्या म्हणाल्या. "दोनदा करावं लागलं, ते माझ्या पाण्यामुळे तर नाही ना झालं? आज तीनाऐवजी अडीच प्यायला हवे होते का? मी घरी परत मोजून बघते."

पुन्हाताईने एवढ्या वर्षांत हा प्रश्न कितीतरी तोंडांतून ऐकला होता. मशीन बंद पडलं, उशीर झाला, काहीही झालं, की माणसं आधी स्वतःकडेच बघतात. "नाही, बाई. तुमचं पाणी अगदी बरोबर होतं."

"नक्की?"

"नक्की. उद्याही तेवढंच प्या."

त्या गेल्या आणि पुन्हाताई नोंदीला बसली. एकाच दिवशी दोनदा करावं लागलं तर कारण द्यावं लागतं. पडद्यावर तयार कारणांची यादी उघडली. यंत्रात बिघाड. वीजपुरवठा. रुग्ण उशिरा आला. रुग्णाची पूर्वतयारी अपुरी. इतर.

"पूर्वतयारी टाका," रेडिओ मागून हळूच म्हणाला. "पिशवी जास्त भरली. खोटं कुठे आहे? सगळे तेच टाकतात. पहिलाच दिवस आहे ताई, शुक्रवारी उगाच कशाला?"

खोटं खरंच नव्हतं. तिने स्वतः हे कारण किती वेळा टाकलं होतं, त्याची गणती नव्हती. डॉक्टर उशिरा आल्या आणि पेशंट ताटकळला की पूर्वतयारी अपुरी. तेव्हा ते तिचं नव्हतंच, ते वरून आलेलं असायचं आणि खाली जायचं, मध्ये ती. पण तीनदा ही नोंद पडली की पेशंटला समुपदेशनाला बोलावतात, पाणी कसं प्यायचं ते बालवाडीतल्यासारखं शिकवतात. शिट्टीबाई तिथे मान खाली घालून बसल्या आहेत, असं तिच्या डोळ्यांपुढे आलं. ती बाई घरी अर्धा ग्लास मोजत बसेल, आणि मी इथे साळसूद.

तिने "इतर" दाबलं. लिहिलं: पहिल्या वेळी रेघा दुरुस्त करण्यात बावीस मिनिटे लागली. सहाव्या मिनिटाला थांबायला हवे होते. रुग्णाची तयारी योग्य होती. चूक टेक्निशियनची. खाली तिचं नाव संगणकाने आपणहून घातलं.

तेवढ्यात डॉक्टर धापा टाकत आल्या. जिने उतरून आल्या होत्या, पांढरा कोट एका खांद्यावरून घसरलेला. "कुठे आहेत त्या? काय झालं?"

"घरी गेल्या. झालं, मॅडम. परत फोटो काढून केलं."

डॉक्टरांनी उभ्याउभ्याच दोन्ही प्लॅन उघडले, आधी पहिला, मग दुसरा. नोंद वाचली. दुसऱ्यांदा वाचली. पुन्हाताई शेजारी उभी राहून नख कुरतडत होती. दुसऱ्या प्लॅनवर डॉक्टरांचं बोट त्या वाकड्या कोपऱ्यावर जाऊन थांबलं.

"ही रेघ तू अशी सोडलीस?"

"हो."

"तू?"

"नीट करत बसले असते तर त्या परत भरल्या असत्या."

डॉक्टरांनी कोट खांद्यावर ओढला. "हे शुक्रवारी वाचतील, माहितीये ना तुला? शब्दन्‌शब्द. पहिल्याच केसला."

"वाचू देत." आवाज ठाम निघाला. तो इतका ठाम निघाला की तिलाच नवल वाटलं.

"आणि मी आले तोवर सगळं झालेलं. मग मला बोलावलंस कशाला?"

पुन्हाताईने दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर पुढचा पेशंट बसला होता, पाणी पिऊन त्याला अर्धा तास होत आला होता.

"घाबरले होते म्हणून," ती म्हणाली. "गरज नव्हती. गरज असेल तेव्हा बोलावीन. आता जरा सरकता का, मॅडम? मला खुर्ची हवीये."